दीड मिलिमीटर

बंदीचे दोन महिने हा माझा हंगाम.
होड्या झापांखाली, जाळी माळ्यावर,
आणि एरवी ज्यांच्या अंगावरचं खारं पाणी सुकत नाही
ते पुरुष मालवणात जेटीच्या रस्त्याला
बर्फाच्या कारखान्यावरच्या माझ्या खोलीत
चपला बाहेर काढून येतात,
देवळात आल्यासारखे.

लवू मिठबावकरला
नांगर नको होता, वाघ नको, बायकोचं नावही नको.
"माजा नाव. नि गाव. बास."
स्वतःचंच?
"गेल्या साली निवतीक एक लागलो हुतो.
तीन दिवस कोणाचो तां कळाक नाय."

मी डबा उघडला.
ह्या हवेत कुलूप गंजतं, पंखा गंजतो,
सायकलची साखळी आठवड्यात तांबडी होते.
सुया मी घट्ट झाकणात ठेवते,
सिलिकाच्या पुड्या घालून,
आई लोणच्याला जपायची तशी.

तीनची सुई बारीक. कॉलेजच्या मुली तीच मागतात,
मनगटावर केसाएवढं पाखरू.
पण हा दंड दोरानं घासलेला, उन्हानं रापलेला,
आणि शाई तर वर्षं गेली की पसरतेच.
मिठबावकर. एक ब, त्याच्यामागे लगेच एक व.
पोटं भरली तर दोन्ही सारखेच काळे.
वाचणाऱ्याच्या नाकाला रुमाल असेल,
त्याला घाई असेल.
मी सातची गोल घेतली,
अक्षरं मोठी केली,
ब चं पोट ऐसपैस ठेवलं.

पाकिटावरची तारीख वाचली, त्याला ऐकू जाईल अशी.
कडा दाबून पाहिल्या, कुठे दमट हवा शिरलीय का.
कोल्हापूरचा एक एजंट निम्म्या भावात देतो.
त्यांच्या आत पडदा नसतो;
रक्त उलटं वर चढतं, मशीनमध्ये बसून राहतं
पुढच्या माणसाची वाट बघत.
त्याचा नंबर मी जपून ठेवलाय,
फोन उचलायचा नाही हे कळावं म्हणून.

सील लवूसमोर फोडलं.
भिंगातून टोकं पाहिली: सात, सरळ,
एकालाही आकडी नाही.
आणि तेवढ्यात हातमोज्यातून निसटून
कार्ट्रिज फरशीवर.

"फुंकून घी गो, काय होना नाय.
पयल्यांदा अख्खो गाव एकाच सुयेन गोंदी."

माझ्या आईच्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत.
जत्रेत, अकरा मुलींच्या रांगेत ती नववी.
काही झालं नाही, असं तीही सांगते.
सांगायला जी उरली, ती सांगते.

दुसरं पाकीट. पुन्हा तारीख, पुन्हा कडा, पुन्हा भिंग.
नवे हातमोजे.
तो गप्प बसून बघत राहिला,
सुकाणूवर दुसऱ्याचा हात असताना बघतात तसा.

"किती खोल घालतलस?"
दीड मिलिमीटर.
हसला. तो बारा वाव पाण्यात जाळं सोडतो.
मी म्हटलं, थोडं वर राहिलं तर महिन्याभरात नाव उडेल,
थोडं खाली गेलं तर निळी शाई आत फुटेल.
माझा समुद्र एवढाच आहे, लवूदादा,
आणि त्यात चुकायला जागा नाही.

ल ला वेळ लागला. व सोपा.
ठ च्या वळणावर त्याने डोळे मिटले,
दुखलं म्हणून नसावं.

शेवटी म्हणाला, "ती सुई माका दी, गळाक होयत."
नाही.
ती जाड पिवळ्या डब्यात गेली, जिथून काही परत येत नाही.
डबा न्यायला कणकवलीहून गाडी येते.
"एवढी चांगली सुई," तो पुटपुटला,
मासळी परत पाण्यात टाकल्यासारखा चेहरा करून.

दोन आठवडे खाऱ्या पाण्यात उतरायचं नाही.
त्याने बोटांवर मोजलं. बंदी उठायला एकोणीस दिवस.
बिलात मी एकच कार्ट्रिज लावली,
त्याने दोनचे पैसे ठेवले.
वाद घातला नाही मी.

खिडकीतून पाहिलं: जेटीवरून वारा येत होता,
तुषार रस्त्यापर्यंत,
आणि लवू मिठबावकर, दांडी, मालवण,
शर्टाची बाही वर दुमडून
घरांच्या भिंतीला चिकटून चालला होता,
डावा दंड
समुद्राला दिसू न देता.